डाव्या भकाळीच्या नोंदी

८ नोव्हेंबर, विटा

आजपासून ही वही. मंजूर झालेल्या प्रस्तावात विषयाचं नाव अडीच ओळींचं आहे, ते इथे पुन्हा लिहीत नाही. साध्या भाषेत सांगायचं तर शर्यतीच्या बैलाच्या कोठीपोटात (चारा जिथे आंबतो तो पोटाचा पहिला, सर्वांत मोठा कप्पा) काय चालतं आणि ऊसगाडीच्या बैलाच्या कोठीपोटात काय चालतं, ते बघायचं. सहा बैल असे, सहा तसे. नोव्हेंबरपासून साखर कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे ऊसगाळप संपेपर्यंत.

दोन महिने वाचन केलं. धान्य आणि कोठीपोट यांवरचं बरंच संशोधन मांसासाठी पोसलेल्या गुरांवरचं आहे. अमेरिकेच्या फीडलॉटमध्ये शेवटचे चार-पाच महिने जनावराला मका किंवा बार्ली देतात, चारा दहा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे तोंडी लावण्यापुरता. आपल्याकडे मार्च २०१५ पासून गाईबरोबर बैल आणि वळूच्याही कत्तलीवर बंदी आहे. त्यामुळे हे सगळं आपल्या काय कामाचं, असं मलाही सुरुवातीला वाटलं होतं. पण डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना वाट मोकळी केली, १८ मे २०२३ ला घटनापीठाने तीच कायम ठेवली, आणि खानापूर-आटपाडीकडे धान्यावर पोसलेला खिल्लार पुन्हा दावणीला दिसू लागला. मांसासाठी नव्हे, मैदानासाठी. पोटाला तो फरक कळत नाही.

एक अडचण आधीच लिहून ठेवते. तिकडच्या संशोधकाला शेवटी जनावर आतून बघायला मिळतं. कत्तलखान्यात यकृत हातात येतं, कोठीपोटाचं अस्तर दिसतं. माझे बाराही बैल प्रकल्प संपल्यावर आपापल्या गोठ्यात उभे असणार आहेत, असायलाच हवेत. म्हणजे जे कळायचं ते बाहेरूनच. कान, नाक, शेण, खूर, आणि आठवड्यातून एकदा मालक हो म्हणाला तर तोंडातून कोठीपोटात घालून द्रव काढायची नळी.

१२ नोव्हेंबर, खानापूर तालुका

आप्पांचा गोठा. हरण्या, वय सहा, कोसा रंग, शिंगं अशी की दारातून आत येताना मान तिरकी करतो. गोठ्यात पंखा आहे, डास येऊ नयेत म्हणून जाळी आहे. आप्पांच्या स्वतःच्या खोलीला जाळी नाही.

टेपने मोजला. छातीचा घेर ७० इंच, लांबी ५६ इंच. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ६६०. साधारण ४१५ किलो.

मग मी तराजू काढला आणि आप्पांचा चेहरा बदलला. "खुराक मोजायचा नसतो बाई, दृष्ट लागती." तासभर चहा झाला, त्यांच्या आधीच्या बैलांच्या गोष्टी झाल्या, मग स्वतःच म्हणाले, "मोजा, पण आकडा मोठ्यानं बोलू नका." म्हणून गुपचूप लिहिला. गव्हाची कणीक २ किलो, गोळे करून. मक्याचा भरडा ३ किलो. भिजवलेले उडीद १ किलो. शेंगपेंड अर्धा किलो. दूध २ लिटर, अंडी चार. शाळूचा, म्हणजे रब्बी ज्वारीचा, कडबा गव्हाणीत टाकला ३ किलो, उरला सव्वा किलो.

एवढ्या वजनाचा बैल दिवसाला कोरडा ऐवज खाणार आठ ते दहा किलो. इथे साडेसहा किलो आंबोण आणि पावणेदोन किलो कडबा. म्हणजे खाण्याचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग धान्य-पेंडीचा. आप्पांनी नकळत फीडलॉटच उभा केलाय, एका बैलाचा. फरक असा की तिथे जनावराला धान्यावर आणताना तीन-चार आठवडे पायरीपायरीने आणतात. हरण्याचा खुराक दिवाळीच्या पाडव्याला सुरू झाला, म्हणजे पाडव्याला संध्याकाळी थेट पूर्ण.

मी काही बोलले नाही. पहिल्याच दिवशी बोलायचं नाही, हे ठरवूनच आले होते.

१५ नोव्हेंबर

तीन बैलांना नळी घातली. आकडे सामूमध्ये (पीएच; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) ७.३, ७.५, ७.२. एवढं धान्य खाऊन कोठीपोट इतकं निवांत? क्षणभर वाटलं, खिल्लाराच्या पोटात काही वेगळंच आहे आणि मला प्रबंधाचा मथळा मिळाला.

१६ नोव्हेंबर

मथळा वगैरे काही नाही. सरांना फोनवर आकडे सांगितले, त्यांनी एकच विचारलं, "पहिला द्रव ओतून दिलास का?"

नव्हता दिला. नळी तोंडातून जाते तशी लाळ सोबत येते. लाळेत सोडा असतो, मोठं जनावर दिवसाला शंभर लिटरच्या वर लाळ गाळतं, आणि निसर्गाने ती आम्ल मारण्यासाठीच दिलेली आहे. मी लाळ मोजून आले होते. पहिला पाव लिटर फेकून द्यायचा, नळीचं टोक खोल चाऱ्याच्या थरात पोचवायचं, बाहेर येणारं चिकट आणि तारा सुटणारं असेल तर तो नमुना बाद. हे पुस्तकात होतं, मी अधोरेखित केलं होतं, आणि तरी.

तिन्ही आकड्यांवर काट मारली. पान फाडलेलं नाही.

२० नोव्हेंबर

पुन्हा घेतले. सकाळच्या खुराकानंतर चार तासांनी, पहिला द्रव टाकून. मीटर आधी ७ च्या आणि मग ४ च्या बफरवर, म्हणजे ठरलेल्या सामूच्या द्रावणावर, लावून घेतला. हरण्या ५.७. बाळूतात्यांचा बादल ५.५. वादळ ५.६. निरोगी कोठीपोट ६ ते ७ च्या दरम्यान राहतं. साडेपाचच्या खाली घसरलं की घसरगुंडी सुरू होते. म्हणजे तिघेही उंबऱ्यावर उभे आहेत, बाहेरून मात्र अंग चकाकतंय आणि कातडीवर माशी बसत नाही. तिघांची भूक उत्तम असल्याचं तिन्ही मालकांनी शपथेवर सांगितलं.

मेथिलिन ब्ल्यूची चाचणीही केली. २० मिलिलिटर द्रवात निळ्याचा एक मिलिलिटर. आतले जीवाणू धडधाकट असतील तर तीन ते सहा मिनिटांत निळा रंग खाऊन टाकतात. बादलच्या नमुन्याला नऊ मिनिटं लागली. त्याचा मालक शेजारी उभा राहून घड्याळ बघत होता. म्हणाला, "आमच्या बादलला घाई फकस्त मैदानात असती."

२१ नोव्हेंबर

रवंथ मोजायला सुरुवात. दुपारी बैल बसला की गळ्याकडे बघत राहायचं. गोळा वर आलेला दिसतो, मग जबडा फिरतो ते मोजायचं, गोळा खाली गेला की थांबायचं. दहा गोळ्यांची सरासरी. चाऱ्यावरचं निरोगी जनावर एका गोळ्याला ४० ते ६० वेळा चावतं. हरण्या ३३.

आप्पांचा नातू, पाचवीतला, शेजारी बसून मोजत होता. त्याचा आकडा ३४ आला. आमचं भांडण झालं. पुढच्या गोळ्याला दोघांनी मोठ्याने मोजलं, तेव्हा ३३ आले. तरी मागचा ३४ च होता यावर तो ठाम आहे.

२८ नोव्हेंबर, कृष्णाकाठ, पलूस तालुका

ऊसतोडीचा तळ. कारखान्याच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी खोपी, टायरगाड्या उभ्या, मध्ये बैल. आमचे सहा बैल तीन गाड्यांचे, गाडीवान बीड जिल्ह्यातले. मोऱ्या आणि त्याचा जोडीदार काळ्या हे ज्यांचे, त्यांना सगळे भाऊ म्हणतात, मीही म्हणते. भाऊंनी कसलीही अट न घालता बैल खोड्याशी आणला. "ताई, नळी घाला न् काय बी घाला, फक्त तीनच्या आत सोडा. गाडी भरायचीय."

मोऱ्याचा सामू ६.९. आवाज ऐकला. डाव्या भकाळीवर, म्हणजे बरगड्यांमागच्या खोलगट जागेवर, स्टेथोस्कोप, दोन मिनिटं. तीन वेळा, लांबून ढग गडगडत जवळ यावा आणि पुढे निघून जावा तसा. भकाळीत मूठ दाबली तर कणकेत दाबल्यासारखी खूण राहते. रवंथ एका गोळ्याला ५८. पोट म्हणून बघायचं तर माझ्या बारा बैलांतलं सर्वांत देखणं. आणि वरती बरगड्या मोजता येतात.

खाणं एकच, वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे. सकाळी वाडं, रात्री वाडं, नोव्हेंबर ते मार्च. भाऊंच्या बायकोने टाकलेलं मोजलं, एका बैलाला २२ किलो. ओलावा वजा करता साडेसहा किलोच्या आसपास उरतात, त्यात प्रथिन पाच-सहा टक्के. तंतू पचवणाऱ्या जीवाणूंना स्वतः जगायलाच सातएक टक्के प्रथिनाचा चारा लागतो. त्याखाली ते मंदावतात, चारा पोटात रेंगाळतो, पोट भरलेलं राहतं आणि बैल त्यामुळेच कमी खातो. भरल्या पोटी उपाशी. वर वाड्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं, ते वेगळंच. इकडचे जुने लोक चुन्याची निवळी वाड्यावर शिंपडतात, ती त्यासाठीच. तळावर चुना आहे, तो तंबाखूच्या डबीत.

काकूंकडून, म्हणजे भाऊंच्या बायकोकडून, कळलेली गोष्ट पुस्तकात सापडली नसती. वाड्याच्या हिरव्यागार पेंढ्या बांधून त्या गावातल्या गोठेवाल्यांना विकतात, तेवढाच रोजचा किराणा निघतो. राहिलेलं, अर्धं वाळलेलं, बैलांना. म्हणजे वाड्याचं प्रथिन म्हणून मी जो आकडा लिहिला तो विकल्या गेलेल्या पेंढीचा होता. दुसऱ्या दिवशी गव्हाणीतला नमुना वेगळा घेतला.

४ डिसेंबर

विट्याच्या बाजारातून तीन चाळण्या आणल्या, रव्याची, पिठाची आणि एक मोठ्या भोकांची. दुकानदाराने विचारलं, लग्नघर आहे का. हो म्हटलं.

शेण धुण्याची पद्धत अगदी सोपी. अर्धा लिटर ताजं शेण मोठ्या चाळणीत घ्यायचं, पाण्याच्या धारेखाली हलवत राहायचं, पाणी नितळ निघेपर्यंत. मग वर काय उरलं ते पांढऱ्या परातीत पसरायचं.

मोऱ्याच्या परातीत बारीक तंतू, गादीच्या कापसासारखे. हरण्याच्या परातीत मक्याचे चपटे तुकडे चमचाभर, कडब्याची दीड-दोन इंच लांबीची न चावलेली काडी, आणि पारदर्शक, शेंबडासारखे पापुद्रे. हे पापुद्रे मोठ्या आतड्याचे. कोठीपोटात न पचलेला स्टार्च खाली जातो, तिथे आंबतो, आतडं सोलवटतं आणि स्वतःला वाचवायला हा चिकट थर टाकतं. बादलच्या शेणात बुडबुडेही होते.

परात मी आप्पांच्या पुढ्यात ठेवली. ओट्यावर बसले होते, बराच वेळ बोटाने मक्याचे तुकडे बाजूला करत राहिले. मग म्हणाले, "ह्यो तर माझा भरडा हाय." आजवरच्या सामूच्या आकड्यांनी जे झालं नाही ते तीन चाळण्यांनी केलं. पुढच्या वेळी कुणी प्रकल्पाचं अंदाजपत्रक मागितलं तर आधी चाळण्या लिहीन.

११ डिसेंबर

आज गोठ्यावर गेले नाही, ताप होता. पडून वाचलं.

गहू का नको? सगळ्या धान्यांत कोठीपोटात सर्वांत झपाट्याने आंबतो तो गहू, त्यामागे बार्ली, मग मका, सर्वांत संथ ज्वारी. शिवाय जेवढं बारीक दळाल तेवढं लवकर. म्हणजे गव्हाची कणीक हा सर्वांत वाईट मेळ, आणि मायेने करायचा तर माणूस नेमका तोच करतो. स्टार्च एकदम आला की एक जीवाणू, स्ट्रेप्टोकोकस बोव्हिस, इतरांच्या आधी वाढतो आणि लॅक्टिक आम्ल सोडतो. लॅक्टिक हे कोठीपोटातल्या नेहमीच्या आम्लांपेक्षा कितीतरी तीव्र. सामू साडेपाचखाली गेला की तंतू पचवणारे आणि लॅक्टिक खाऊन टाकणारे, दोघेही मागे पडतात. पाचखाली गेला की लॅक्टोबॅसिलस ताबा घेतात आणि मग आम्ल स्वतःला वाढवतच जातं. हंगेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये मेंढ्यांच्या तीव्र अपचनात हाच पालट नोंदवला. आत कोणाची वस्ती उठली आणि कोण राहायला आलं, याची जवळजवळ खानेसुमारी आहे ती.

आप्पांच्या घरी शाळू पोत्याने पडलाय. बैलाला मात्र दुकानातून आणलेला गहू.

१९ डिसेंबर, रात्री सव्वा दोन

परत आले, झोप येत नाही, लिहून टाकते.

बादल काल मैदानात पहिला आला. रात्री साडेअकराला बाळूतात्यांचा फोन, "बैल झुलतोय." मी पोचले तेव्हा गावातले डॉक्टर आधीच आले होते, सलाईन लावत होते. बादल उभा होता पण मागचे पाय दारू प्यायल्यासारखे. डोळे आत गेलेले. शेण पातळ, आंबट वास दारापर्यंत. भकाळीवर कान लावला, शांत. ढग नाहीत. मूठ दाबली की आत पाणी डचमळल्याचा आवाज. जिंकल्याच्या आनंदात संध्याकाळी चार किलो कणीक आणि वर गूळ दिला होता. सकाळपासून पोट रिकामं, कारण पळायचं होतं.

नळीतून आलेला द्रव राखाडी, दुधाळ. सामू ४.८. टॉर्चच्या उजेडात काचपट्टीवर थेंब बघितला. एरवी इथे मोठे, मधले, छोटे आदिजीव (एकपेशीय सूक्ष्म जीव) जत्रेसारखे फिरत असतात. एकही हलत नव्हता.

डॉक्टरांनी शिरेतून सोडा दिला, थायमिन दिलं, नळीने जमेल तेवढा द्रव बाहेर काढला, कोमट पाणी घालून पुन्हा काढला. मी बादली धरली. माझं शिक्षण त्या रात्रीच्या कामाचं तेवढंच होतं.

२० डिसेंबर

सकाळी सामू ५.९, बैल उभा आहे, पण खात नाही, रवंथ नाही. डॉक्टर म्हणाले, आता आम्ल गेलंय, पण आत कोणी उरलेलं नाही. दुसऱ्या बैलाचा रस घालावा लागेल.

निरोगी जनावराच्या कोठीपोटातला द्रव आजाऱ्याला देणं हा जुनाच आणि खात्रीचा उपाय. प्रश्न कोणाचा द्रव घ्यायचा. बाळूतात्यांच्या भावकीत शर्यतीचे आणखी दोन बैल, त्यांचे आकडे माझ्या वहीत होते, ते कुणाला द्यावेत असे नव्हते. मी म्हटलं, मोऱ्या.

पलूसला साडेआठला पोचलो. भाऊ गाडी जुंपायच्या बेतात. सगळं ऐकून घेतलं, मग विचारलं, "आमच्या बैलाचं काय जाईन?" काही जाणार नाही, दोन दिवसांत आतले पुन्हा तेवढेच होतात, फक्त आज पहिली खेप सोडा, म्हणून सांगितलं. मोऱ्याचे दोन आणि काळ्याचे दोन, असा चार लिटर रस मलमलीतून गाळून दोन थर्मासांत भरला. तो गरम राहिला पाहिजे आणि हवा कमी लागली पाहिजे, म्हणून काठोकाठ. बाळूतात्यांनी खिशात हात घातला. भाऊ म्हणाले, "पैशे नको. दोन पोते पेंड द्या."

दुपारी बारा वाजता ऊसगाडीच्या बैलाचा रस मैदान मारलेल्या बैलाच्या पोटात गेला. संध्याकाळी बादलने कडब्याची काडी तोंडात धरली. चावली नाही, धरून उभा राहिला.

२२ डिसेंबर

बादल रवंथ करतोय. एका गोळ्याला २७. पेंडीची पोती कालच तळावर पोचली, मी स्वतः बघितली.

२ जानेवारी

बादलचं गावभर झालं, त्यामुळे आज पाचही मालक एकत्र बसले. माझं म्हणणं असं : कणीक बंद. शाळूचा आणि मक्याचा जाडसर भरडा. एकदाच डोंगर नको, दिवसाचे चार वाटे. आधी कडबा, अर्ध्या तासाने आंबोण. खुराक वाढवायचा तर चार-पाच दिवसांनी अर्धा किलो. खाण्याचा सोडा रोज १०० ग्रॅम.

आप्पांनी आक्षेप घेतला आणि तो खोडून काढता आला नाही. "कडबा वाढवला की प्वाट सुटतं. सुटलेलं प्वाट घिऊन बैल पळंल का?" खरं आहे ते. भरलेल्या कोठीपोटाचा ऐवज वजनाच्या दहा-पंधरा टक्के सहज भरतो, ४१५ किलोच्या बैलात चाळीस ते साठ किलो. कोणता धावपटू पाठीवर सिमेंटचं पोतं घेऊन उतरेल? मांसासाठी पोसणाऱ्यांना ही अडचणच नाही, त्यामुळे पुस्तकात उत्तरही नाही. मी गप्प बसले, ते त्यांच्या लक्षात आलं, आणि मला वाटतं तिथून पुढे त्यांनी ऐकायला सुरुवात केली.

तोड अशी निघाली. एरवी कडबा पोटभर, कमीत कमी पाच किलो. मैदानाच्या आदल्या संध्याकाळपासून कमी, सकाळी मूठभर. पण शर्यतीनंतर पहिलं कडबा आणि पाणी, आंबोण दुसऱ्या दिवशी, तेही निम्मं. जिंकला तरी. बाळूतात्या म्हणाले, "जिंकला तर जास्तच ध्यान ठेवा."

दूध-अंड्यांवर वाद घातला नाही. चार अंड्यांनी कोठीपोट बिघडत नाही, बिघडतो तो फक्त खिसा. मालकाला काहीतरी आपल्या हाताने भरवायचं असतं.

१४ जानेवारी

संक्रांत. हरण्याला तिळगूळ दिला, एकच. आप्पांनी माझ्याकडे बघून दिला.

२५ जानेवारी

खरसुंडीची यात्रा झाली, सगळे हौसेने जाऊन आले, त्यामुळे मध्ये नोंदी विस्कळीत आहेत. तीन आठवड्यांनंतरचे आकडे : हरण्या ६.२, रवंथ ४६, परातीत मक्याचे तुकडे मोजून पाच. बादल ६.३. इतर तीन कमी-जास्त त्याच वाटेवर.

वादळ ५.६. जिथे होता तिथेच. चाळणीत पांढुरका चिकट गाळ. मालक देवाची शपथ घेतो की कणीक बंद आहे, आणि तो खोटं बोलत नाही. मी खुराकाची वेळ, कडब्याची जात, पाण्याची टाकी, सगळं तपासलं. मग सकाळी सहाला न सांगता गेले. मालकाची आई, वय ऐंशीच्या पुढे, काठी टेकत गोठ्यात आली, पदराखालून कणकेचे दोन गोळे काढले आणि वादळच्या तोंडात घातले. मला बघून दचकली नाही. म्हणाली, "रात्री लेकरू उपाशी झोपलं."

तिला समजवायचं काम मी अंगावर घेतलेलं नाही. सुनेला सांगितलंय, गोळे शाळूच्या पिठाचे करा आणि सुपारीएवढे.

बारा बैलांवर, त्यातही एका बाजूच्या सहावर, मी कोणताही सर्वसाधारण नियम लिहू शकत नाही. वादळचा आकडा मात्र आहे तसाच तक्त्यात राहणार, आजींसकट.

९ फेब्रुवारी, तळ

गाडीच्या बैलांना युरिया-मळी-खनिजाची चाटण वीट लावली, सहांना सहा. मोऱ्याने पहिले दोन दिवस हुंगून सोडली, आता चाटतो. युरिया जीवाणूंना नत्र देतो, मळी त्यांना तो वापरायची ताकद देते. घट्ट विटेतून जीभ थोडंथोडंच ओढते म्हणून ते सुरक्षित. हाच युरिया पाण्यात विरघळवून पाजला तर बैल तासाभरात जाऊ शकतो, हे मी तळावर तीनदा सांगितलं आणि खताच्या पोत्यांपासून वीट लांब बांधली. दोन पोती पेंडीचं काम अजून दिसतंय. पाठीवर हात फिरवला की मणके पूर्वीसारखे टोचत नाहीत.

शर्यतवाल्यांपैकी एकाने कुठूनतरी ऐकलंय की अमेरिकेत "एक पावडर" देतात, तिने पोट बिघडत नाही. ती मोनेन्सिन. १९७० च्या दशकापासून तिथल्या मांसाच्या गुरांना देतात, लॅक्टिक तयार करणारे जीवाणू ती दाबते, हे खरं. पण त्याच माणसाच्या गोठ्यात बैलाशेजारी शर्यतीची घोडी बांधलेली आहे, गव्हाणीला गव्हाण लागून. गुरांना चालणारी मात्रा घोड्याचं हृदय बंद पाडू शकते. विषय तिथेच संपवला.

२ मार्च

धान्यावरच्या गुरांचं यकृत तिकडे कत्तलखान्यात तपासतात, त्यात पुवाच्या गाठी सापडतात. आम्लाने कोठीपोटाचं अस्तर सोलवटतं, फ्युझोबॅक्टेरियम नावाचा जीवाणू तिथून रक्तात शिरतो आणि यकृतात घर करतो. बादलच्या यकृतात काय आहे, मला कधीच कळणार नाही.

खूर मात्र दिसतो. आज नालबंद आले होते, बादलचा पुढचा खूर त्यांनी उचलून धरला. वरच्या कडेपासून जरा खाली एक आडवी खाच आहे, नखावर आजारपणाची रेघ उमटते तशी. बैलाचा खूर महिन्याला अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास वाढतो. खाच १२ मिलिमीटरवर. मागे मोजत गेले, डिसेंबरचा तिसरा आठवडा आला. नालबंदांनी माझं गणित ऐकलं आणि पान जुळवत म्हणाले, "आमी ह्येला आजारपणाचा डाग म्हंतो. बैल इकत घेताना बगायचा असतो."

मग सगळ्यांचे खूर बघितले. वादळच्या खुराला एकाखाली एक चार रेघा.

१९ मार्च, तळ

पट्टा पडला. खोपी उसकटल्या, टायरगाड्यांवर भांडी, कोंबड्या, सोलर दिवा. मोऱ्याचं शेवटचं मोजमाप घेतलं. छातीचा घेर नोव्हेंबरपेक्षा दीड इंच जास्त, रवंथ ५७. उरलेली अर्धी वीट काकूंनी फडक्यात बांधून घेतली. भाऊंनी विचारलं, गावाकडे असली वीट कुठे मिळते. लिहून दिलं, आणि घरी करायची कृतीही, युरियाचं प्रमाण दोनदा अधोरेखित करून.

मेथिलिन ब्ल्यूची बाटली संपली. मीटरचा इलेक्ट्रोड परत करायचा आहे. गोठवलेले चोवीस नमुने अजून प्रयोगशाळेत आहेत, त्यांतल्या आम्लांचं विश्लेषण एप्रिलमध्ये.

२३ मार्च

आप्पांच्या नातवाचा आजोबांच्या मोबाइलवरून निरोप, दुपारी २.४०. "हरण्या ५१. दहा गोळे मोजले. एक ४९ होता."